मुंबईचा पगार आणि मुंबईचा खर्च : शहापूर–मुरबाडच्या वाटेवरील हिशेब

शहापूर तालुक्याचे मुंबईशी असलेले नाते जुने आहे. १८६१ साली लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोहोचला आणि १८९२ पासून तानसा तलावाचे पाणी मुंबईला जाऊ लागले. पुढे भातसा धरणाची त्यात भर पडली. पाणी गेले, दूध गेले, भाजी गेली, आणि त्यांच्यामागोमाग माणसेही गेली. आज दहावी-बारावी झालेला, आय.टी.आय. केलेला किंवा परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केलेला डोळखांबचा, किन्हवलीचा, सरळगावचा किंवा टोकावड्याचा तरुण नोकरीचा विचार करू लागला की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम मुंबई येते. त्यात गैर काही नाही. परंतु जाण्यापूर्वी घरात जो विचार होतो, तो बहुधा एकाच आकड्याभोवती फिरतो, आणि तो आकडा म्हणजे पगार. खर्चाचा आकडा मात्र शहरात जाऊन महिना-दोन महिने झाल्यावर कळतो. तोपर्यंत आईच्या पाटल्या सावकाराकडे गेलेल्या असतात.

ज्यांचा सल्ला अशा वेळी घेतला जातो ते शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांनी हा हिशेब आधीच मांडून दाखवला, तर पुष्कळ घरांची ओढाताण टळेल. त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

एका गोष्टीची आठवण प्रारंभीच करून द्यावीशी वाटते. महानगरातील राहणे महाग असते, हे शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत केव्हाच मान्य केले आहे. सातव्या वेतन आयोगाने घरभाडे भत्त्याचे दर सुचवताना शहरांचे तीन वर्ग धरले व मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के असे प्रमाण ठेवले. म्हणजे पद तेच आणि मूळ वेतनही तेच, परंतु पहिल्या वर्गातील महानगरात निवाऱ्यासाठी तिप्पट रक्कम. खाजगी नोकरीवर जाणाऱ्या मुलाला असा वेगळा भत्ता कोणी देत नाही. त्याच्या पगाराच्या आकड्यातच तो गृहीत धरलेला असतो. म्हणून शहरातील अठरा हजार आणि गावातील अठरा हजार यांना एकच मोजमाप लावता येत नाही.

पूर्वीच्या पिढीने हे कसे निभावले?

कोकणातून व घाटावरून गिरणगावात आलेल्या कामगारांचा पगार मोठा होता, असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्यांच्या मनीऑर्डरी गावोगाव पोहोचत असत. याचे कारण त्यांनी निवाऱ्याचा खर्च वाटून घेतला होता. एका गावची माणसे एकाच खोलीत राहत. पाळी बदलली की झोपणारा बदले. जेवण खानावळीत असे. त्या खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांची संघटना पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ या नावाने उभी राहिली. शिवाय १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या चाळींची भाडी गोठवली होती. ती व्यवस्था आता नवागताच्या वाट्याला येत नाही. जुन्या खोल्या पागडीच्या व्यवहारात अडकल्या, आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. मात्र त्या पिढीचा एक धडा आजही उपयोगी पडतो, आणि तो म्हणजे बायको-मुले गावी, शेत चालू, आणि शहरात चौघांत एक खोली. गावाकडचे घर हा त्या हिशेबाचा न लिहिलेला अर्धा भाग होता.

प्रत्यक्ष हिशेब

पुढील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्या जागी आपापले आकडे घालून पाहावेत.

समजा, एका तरुणाला ठाण्यात दरमहा १८,००० रुपयांची नोकरी मिळाली. त्यांपैकी मूळ वेतन व महागाई भत्ता १५,००० रुपये आहे. भविष्य निर्वाह निधीसाठी १२ टक्क्यांप्रमाणे १,८०० रुपये, राज्य कामगार विमा योजनेसाठी पाऊण टक्का म्हणजे १३५ रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये, असे वजा जाता हाती १५,८६५ रुपये येतात. (महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर १ एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही.) ह्या वजावटीपैकी निर्वाह निधी ही बुडालेली रक्कम नव्हे, तो स्वतःचाच पैसा होय. मात्र ठेकेदाराने कापलेली रक्कम खात्यात भरली की नाही, हे पाहणे आवश्यक असते. त्यासाठी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात आपला भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक (यू.ए.एन.) मागून घ्यावा व पासबुक तपासावे. हा क्रमांक आयुष्यभर एकच राहतो व नोकरी बदलली तरी बदलत नाही.

हा तरुण आणखी तिघांबरोबर कळवा किंवा कल्याणच्या बाजूस ८,००० रुपयांची खोली घेतो. त्याचा वाटा २,००० रुपये. वीज-पाणी ३००, दोन वेळचा डबा ३,५००, सकाळचा चहा-नाश्ता १,२००, रेल्वेचा पास व रिक्षा १,०००, मोबाईल ३००, साबण-तेल-औषधपाणी ८००, गावच्या दोन खेपा ४००. अकरा महिन्यांनी खोली बदलावी लागते तेव्हा द्यावयाची दलाली महिन्यांवर वाटून टाकली तर आणखी १८० रुपये. एकूण ९,६८० रुपये. शिल्लक ६,१८५.

आता त्याचाच एक सोबती मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रात १३,००० रुपयांवर लागला असे समजू. १२,००० मूळ वेतन धरून वजावट १,७३८ रुपये, हाती ११,२६२. जाण्यायेण्याचे १,२००, मोबाईल व किरकोळ १,१००, आणि घरी जो जेवतो त्याची किंमत प्रामाणिकपणे २,५०० रुपये धरली, तरी त्याच्याकडे ६,४६२ रुपये उरतात. पगारातील पाच हजारांचा फरक वाटेतच जिरून गेला. एवढेच नव्हे, तर आवणीच्या दिवसांत दुसरा मुलगा सुटीच्या दिवशी व कामावरून आल्यावर शेतात उतरू शकतो. पहिल्याला त्यासाठी आठ दिवस रजा काढावी लागते व बिनपगारी रजेत सुमारे साडेपाच हजार रुपये, म्हणजे जवळजवळ महिन्याची शिल्लक, जाते.

याचा अर्थ शहरात जाऊच नये असा नाही. दोन वर्षांनंतर काय, हा खरा प्रश्न आहे. रुग्णालयातील परिचारिका, वातानुकूलन यंत्रांचा कारागीर, लेखापालाच्या हाताखाली काम शिकणारा मुलगा यांना शहर जे शिकवते, त्याने पुढील पगार वाढतो आणि मग आजची तोंडमिळवणी सोसण्याजोगी ठरते. ज्या कामात दोन वर्षांनी नवे काहीच हाती येत नाही, त्यासाठी घर सोडताना मात्र दहादा विचार करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कुटुंब बरोबर नेल्यास चित्र पार पालटते. नवरा, बायको व दोन मुले. वेगळी खोली ७,००० रुपये, वीज-पाणी १,०००, गॅस १,०००, किराणा-दूध-भाजी ७,०००, मुलांची शाळा १,५००, पास ७००, मोबाईल ५००, कपडे व औषधे १,५००. एकूण २०,२०० रुपये, म्हणजे हाती येणाऱ्या १५,८६५ रुपयांपेक्षा ४,३३५ रुपये अधिक. घरचे तांदूळ, नाचणी, वाल, परसातली भाजी, रानातले सरपण आणि बिनभाड्याचे छप्पर यांची गावी कोणी किंमत करीत नाही, कारण त्यांचे बिल येत नाही. शहरात त्या प्रत्येकाचे बिल येते. पत्नीने चार घरची कामे धरली तर तूट भरून निघते, परंतु लहान मुलाला सांभाळणारी आजी गावीच राहिलेली असते, हेही लक्षात घ्यावे लागते.

आसनगाव आणि मुरबाड : एका रुळाचे अंतर

शहापूर तालुक्यातील वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा ह्या स्थानकांजवळील गावांना तिसरा मार्ग मोकळा आहे, तो म्हणजे घर न सोडता रोज जाऊन येणे. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा पास ही देशातील स्वस्तातल्या सवलतींपैकी एक म्हणावी लागेल. उपनगरी मासिक पास एकेरी प्रवासाच्या सुमारे पंधरा तिकिटांच्या हिशेबाने आकारला जात असे. जून २०१४ मध्ये ही संख्या दुप्पट करण्याचे जाहीर झाले होते, परंतु प्रवाशांच्या विरोधानंतर ते काही दिवसांतच मागे घेण्यात आले. त्रैमासिक पासाला मासिकाच्या २.७ पट रक्कम पडते, म्हणून ज्याला शक्य आहे त्याने तीन महिन्यांचा पास काढावा.

पैशांत हा मार्ग स्वस्त आहे, परंतु त्याची किंमत वेळाने चुकवावी लागते. कसारा मुंबईपासून सुमारे १२१ किलोमीटरवर आहे व लोकलला अडीच तासांच्या आसपास लागतात. आसनगावहून दोन तास धरले आणि घर ते स्थानक व स्थानक ते कचेरी हा वेळ मिळवला, तर जाऊन-येऊन पाच तास सहज होतात. महिन्याच्या २५ दिवसांचे १२५ तास झाले. आठ तासांचा दिवस धरल्यास हे पंधराहून अधिक कामाचे दिवस होतात. पहाटे चारला उठून डबा करणाऱ्या घरच्या बाईचे तास त्यात धरलेले नाहीत. एखादी गाडी चुकली की पुढची बऱ्याच वेळाने येते, कारण कल्याणच्या पुढे गाड्या थोड्या आहेत. तरीही ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने पहिले वर्ष ह्या मार्गाने काढणे शहाणपणाचे ठरते.

मुरबाड तालुक्याला ही सोय नाही. कल्याण–मुरबाड रेल्वेमार्गाला मंजुरी मिळालेली असली तरी त्यावरून अद्याप गाडी धावलेली नाही. मुरबाडहून कल्याण सुमारे ३० किलोमीटर. धसई किंवा टोकावड्याच्या पलीकडील वाडीतून आधी मुरबाड, मग एस.टी.ने कल्याण आणि तेथून लोकल, असा प्रवास रोज करणे फार थोड्यांना साधते. दुसऱ्या पाळीचे काम असेल तर परतीची शेवटची बस निघून गेलेली असते. त्यामुळे शहापूरचा मुलगा ज्या पगारावर घरी राहून नोकरी करू शकतो, त्याच पगारावर मुरबाडच्या मुलाला खोली घ्यावी लागते. सल्ला देणाऱ्याने दोन्ही तालुक्यांना एकच उत्तर देऊ नये.

अलीकडे आणखी एक बदल दिसतो. शहरातील भाडे न परवडणारी माणसे बदलापूर, टिटवाळा, वासिंद, आसनगाव अशी उलट दिशेने सरकत आहेत. त्यामुळे ह्या ठिकाणच्या खोल्याही पूर्वीसारख्या स्वस्त राहिलेल्या नाहीत.

अनामत रक्कम आणि पहिले सदतीस दिवस

महिन्याचा खर्च कसाबसा भागतो, पण पहिल्या दिवशी लागणारी ठोक रक्कम घराला कर्जात लोटते. वरील कुटुंबाचेच उदाहरण घेऊ. अनामत ३५,०००, पहिले भाडे ७,०००, दलाली ७,०००, भांडीकुंडी व गॅसजोडणी ६,०००. त्यात पहिला पगार येईपर्यंतचे खाणेपिणे मिळवावे लागते. महिन्याच्या पहिल्या तारखेला कामावर लागलेल्या माणसाचा पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत होतो, म्हणजे जवळजवळ ३७ दिवस तो स्वतःच्या पैशावर जगतो. त्याचे किमान १२,००० रुपये धरले तर एकूण ६७,००० रुपये झाले. ही रक्कम शेकडा तीन रुपये दरमहा ह्या व्याजाने उचलल्यास नुसते व्याजच २,०१० रुपये होते, आणि ४,३३५ रुपयांची तूट ६,३४५ वर जाते. मुद्दल बाजूलाच.

म्हणून आधी एकट्याने जाऊन चौघांत राहावे, सहा-आठ महिन्यांच्या शिलकीतून अनामत उभी करावी आणि मगच कुटुंब न्यावे. कर्ज घ्यावेच लागले तर प्रथम घरातील स्त्रीचा बचत गट व बँक यांच्याकडे पाहावे. सावकारी करावयाची तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना लागतो व व्याजाचे कमाल दर शासन ठरवते. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे.

अनामत परत मिळण्याची हमी कागदावर असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार, मग तो अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असला तरी, लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अशा करारावरील मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का एवढेच असते. नोंदणीची सोय ऑनलाइनही आहे. ‘कशाला कागद, आपलीच माणसे’ हे वाक्य बहुधा अनामत घेणाऱ्याच्याच तोंडी असते. अनामत रोख न देता बँकेतून द्यावी व तिचा आकडा करारात लिहून घ्यावा. भाड्याऐवजी काही लाख रुपये ठोक घेऊन खोली देण्याची जी पद्धत आहे, तिच्यात तर हा कागद नसेल तर कोणत्याही परिस्थितीत पाऊल टाकू नये. भूसंपादनाचा मोबदला हाती आलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

शिकायला जाणारी मुले-मुली

अनुसूचित जमातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना सुरू झाली. मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या महानगरांसाठी वर्षाला भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० अशी एकूण ६०,००० रुपयांची रक्कम तीत ठरवण्यात आली. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अशाच धर्तीवर आहे. शैक्षणिक वर्षाचे दहा महिने धरले तर निवासाचे २,००० रुपये महिना होतात, म्हणजे वर आलेला चौघांतील एकाचा वाटा. ही रक्कम वाटून राहणाऱ्याला पुरते, स्वतंत्र खोलीला नव्हे. शिवाय ती हप्त्यांनी बँक खात्यात येते, तर खोलीचे भाडे जूनपासूनच सुरू होते. प्रवेशाच्या वेळी चार महिन्यांची तरतूद जवळ असावी. आधी वसतिगृहासाठी अर्ज, आणि बँक खाते आधारशी जोडलेले, ह्या दोन गोष्टी शिक्षकांनी बारावीच्या निकालापूर्वीच करवून घ्याव्यात. शहापूरचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय त्यासाठी जवळच आहे.

नोकरी करणाऱ्या मुलींनी केंद्र शासनाच्या सहाय्याने चालणाऱ्या नोकरदार महिला वसतिगृहांची चौकशी अवश्य करावी. ह्या योजनेच्या नियमांत भाडे वेतनाच्या ठरावीक टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. बहुखाटी खोलीसाठी ही मर्यादा साडेसात टक्के ठेवलेली आहे. जागा थोड्या असतात, म्हणून अर्ज लवकर करणे इष्ट.

शिधा, शाळा आणि सातबारा

कुटुंब हलवताना शिधापत्रिका रद्द करून घेण्याची घाई करू नये. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाखालील शिधापत्रिकाधारकाला आता ‘एक देश एक शिधापत्रिका’ व्यवस्थेनुसार मुंबईतील कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठ्याच्या ठशावर धान्य घेता येते. प्राधान्य कुटुंबाला प्रतिमाणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चौघांचे २० किलो धान्य शहरात घेतल्यास किराण्याच्या सात हजारांतून काही शे रुपये निश्चित वाचतात.

मुलांच्या शाळेसाठी बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ चे कलम ५ ध्यानात ठेवावे. स्थलांतरित बालकाला दुसऱ्या शासकीय वा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे व दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. गावच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्परतेने द्यावयाचा आहे. शहरात महानगरपालिकेच्या शाळा असताना, केवळ शेजाऱ्याचे पाहून खाजगी शाळेचे शुल्क अंगावर घेणारी कुटुंबे दिसतात. तो त्यांचा प्रश्न असला तरी १५,८६५ रुपयांत तो बसत नाही.

शेवटी शेतीविषयी. शहरातील खोलीसाठी सगळी जमीन विकण्याचा विचार ज्या घरात चालू असेल, तेथे ग्रामपंचायत सदस्याने दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ चे निर्बंध आहेत, त्यामुळे सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून केलेला व्यवहार टिकत नाही. दुसरी गोष्ट इतर खातेदारांसाठी. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. आपल्या नावावरचा शेवटचा गुंठाही विकून टाकला, तर पुढे निवृत्तीनंतर गावी परतून जमीन घेऊ म्हणणाऱ्याला आपण शेतकरी असल्याचे सिद्ध करताना नाकीनऊ येतात. म्हणून विकावेच लागले तर थोडी जमीन नावावर राखावी, आणि जुने सातबारा उतारे व फेरफार यांच्या प्रमाणित प्रती तलाठी कार्यालयातून काढून शहरातील पेटीत न ठेवता गावच्या घरीच जपून ठेवाव्यात.